मंदीच्या काळात जहाजातील जागा आणि लाकडी पॅलेट यांची तजवीज कशी करावी

मंदी आली की जहाजाचे भाडे उतरते आणि माल रचण्याच्या लाकडी चौकटी, म्हणजे पॅलेटही, स्वस्त मिळतात, असा लहान निर्यातदारांमध्ये सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. भाव उतरतात, परंतु भाव उतरले म्हणूनच जहाज कंपन्या जहाजे नांगरून ठेवतात, लाकूड चिरणाऱ्या सॉ मिलचे मालक पाळ्या कमी करतात, पॅलेट ठोकणारे छोटे कारखानदार कारागीर सोडून देतात किंवा दुसऱ्या धंद्याकडे वळतात, आणि मग बाजार किंचित हलू लागला की जहाजात जागा मिळत नाही व आवारात पॅलेट येत नाहीत. खरी टंचाई मंदीच्या ऐन मध्यात जाणवत नाही. ती मंदीच्या तोंडाशी आणि मंदी ओसरताना जाणवते. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतीतून महिन्याला चार-सहा कंटेनर न्हावा शेवामार्गे परदेशी पाठवणाऱ्या कारखान्याने या चढउतारात काय करावे, ते पुढे सांगितले आहे. मोठ्या कंपन्यांकडे या कामासाठी स्वतंत्र खाते असते. लहान कारखान्यात मात्र हे सारे बहुधा डिस्पॅच पाहणाऱ्या एकाच माणसाच्या डोक्यावर असते, आणि हे लेखन मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

मंदीचा टप्पा ओळखणे

मंदीच्या सुरुवातीला गिऱ्हाईक कमी झालेले असते, पण काही महिन्यांपूर्वी दिलेल्या ऑर्डरींचा माल येतच राहतो. गोदामे भरत जातात आणि पडून राहिलेल्या मालाखाली पॅलेटही अडकून पडतात. माल उचलला गेला तरच पॅलेट मोकळे होऊन पुन्हा फेऱ्यात येते. त्यामुळे विक्री मंदावलेली असतानाच पॅलेटची चणचण भासते, हे वरवर विचित्र वाटले तरी समजण्यासारखे आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतील दुकानदारांची गोदामे अशीच तुडुंब भरली होती. पुढच्या टप्प्यात व्यापारी साठा खाली करू लागतात, वापरलेली पॅलेट एकदम बाजारात येतात आणि नव्या पॅलेटला कोणी विचारत नाही. २०२३ मध्ये तेथे जुन्या पॅलेटचे भाव याच कारणाने कोसळले. तिसरा टप्पा उभारीचा. त्या वेळी मागणी काही आठवड्यांत परत येते, पण बंद पडलेली सॉ मिल किंवा गावी निघून गेलेला कारागीर तितक्या लवकर परत येत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. आयात यंत्रे व सुटे भाग ज्या पॅलेटवर येतात, ती भंगारवाल्यांकडून पुढे दुरुस्त होऊन देशांतर्गत वाहतुकीसाठी विकली जातात. आयात घटली की हा झराही आटतो, आणि जुन्या पॅलेटवर भागवणारे कारखाने नव्या पॅलेटच्या रांगेत येऊन उभे राहतात.

टप्पा ओळखण्यासाठी फार मोठा अभ्यास लागत नाही. खरेदीदाराला दर महिन्याला एक साधा प्रश्न विचारावा: आमचा माल तुमच्या गोदामात किती आठवडे पुरेल एवढा आहे? हा आकडा सलग वाढत असेल तर पहिला टप्पा चालू आहे, उतरणीला लागला असेल तर दुसरा, आणि खरेदीदार अचानक 'लवकर पाठवा' म्हणू लागला तर तिसरा सुरू झालेला आहे, असे समजण्यास हरकत नाही. कंटेनर भाड्याच्या दिशेसाठी ड्र्यूरी या सल्लागार संस्थेचा जागतिक कंटेनर निर्देशांक आणि शांघायचा कंटेनर भाडे निर्देशांक दर आठवड्याला प्रसिद्ध होतात. त्यांत मुख्यतः चीनहून निघणारे मार्ग असल्यामुळे न्हावा शेवाचा दर त्यांवरून काढता येत नाही, मात्र वारा कोणीकडे वाहतो आहे ते कळते. वर्तमानपत्रांत वरचेवर येणारा बाल्टिक ड्राय निर्देशांक हा कोळसा, लोहखनिज, धान्य अशा सुट्या मालाच्या जहाजांचा आहे. २० मे २००८ रोजी तो ११,७९३ वर होता आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला ६६३ वर आला. जगाच्या उद्योगधंद्याची नाडी म्हणून तो जरूर पाहावा. कंटेनरचे बुकिंग त्यावर ठरवू नये.

जहाजातील जागा

२००९ मध्ये जागतिक व्यापाराचे आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी घटले, तेव्हा जहाज कंपन्यांनी दोन उपाय योजले आणि पुढच्या प्रत्येक मंदीत तेच वापरले. एक म्हणजे जहाजे उभी करणे व ठरलेल्या फेऱ्या रद्द करणे, ज्याला या धंद्यात ब्लँक सेलिंग म्हणतात. दुसरा म्हणजे जहाजे हळू चालवणे. वेग १० टक्क्यांनी कमी केला तर दिवसाचे इंधन साधारण पाव हिश्शाने वाचते, आणि प्रवास लांबल्यामुळे त्याच साप्ताहिक सेवेसाठी अधिक जहाजे लागून रिकामी जहाजेही कामाला लागतात. कंपनीच्या दृष्टीने हा हिशेब चोख आहे. निर्यातदाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की भाडे कमी झाले तरी माल उशिरा पोचतो, पैसे उशिरा येतात आणि खेळते भांडवल अधिक काळ अडकून राहते.

२०२० चा अनुभव याहून बोलका आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात जगभरात पंचवीस लाखांहून अधिक टीईयू (२० फुटी कंटेनरच्या हिशेबाने) क्षमतेची जहाजे उभी होती. भारताची आयात घटल्यामुळे आपल्या बंदरांत येणारे कंटेनरही घटले, आणि पावसाळ्यानंतर निर्यात सावरू लागली तेव्हा रिकामे कंटेनर मिळेनात, कारण जे होते ते अधिक भाडे देणाऱ्या चीन-अमेरिका मार्गाकडे ओढले जात होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ड्र्यूरीचा निर्देशांक ४० फुटी कंटेनरमागे १०,००० डॉलरच्या वर गेला आणि २०२३ च्या शरद ऋतूत १,४०० डॉलरच्या आसपास आला. त्यानंतर काही आठवड्यांतच तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि दर दुपटीहून अधिक चढले. मागणी मंदच होती, तरीही जागा महाग झाली. त्यामुळे 'मंदी आहे, तेव्हा भाडे उतरणारच' या एकाच गृहीतावर वर्षाचे दरपत्रक बांधू नये.

प्रत्यक्षात पुढील रीत उपयोगी पडते. आपला नेहमीचा, दर महिन्याला हमखास जाणारा माल किती आहे ते आधी काढावे, आणि त्यातील निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत भाग तीन ते सहा महिन्यांच्या ठरलेल्या दराने द्यावा. उरलेला त्या-त्या वेळच्या बाजारभावाने पाठवावा. महिन्याला चार-सहा कंटेनर देणाऱ्याशी जहाज कंपनी थेट करार करण्याची शक्यता कमीच, म्हणून हे काम निर्यातदारांसाठी जहाजात जागा घेणाऱ्या मध्यस्थामार्फत, म्हणजे फ्रेट फॉरवर्डरमार्फत, करावे लागते. दर तळाला असताना सगळाच माल बाजारभावाने पाठवण्याचा मोह होतो आणि दोन-चार महिने त्यात पैसेही वाचतात. परंतु बाजार फिरल्यावर फॉरवर्डर आपली मोजकी जागा आधी कोणाला देतो, हे पडत्या काळात त्याच्याकडे कोण टिकून राहिले होते त्यावरच बहुधा ठरते. करार मोडण्याची सवय दोन्ही बाजूंना आहे, हेही लक्षात ठेवावे. दर चढले की कंपन्या कराराचा माल मागे ठेवतात, आणि दर पडले की माल पाठवणारे करार विसरतात.

दरपत्रक मागताना केवळ समुद्रभाडे विचारू नये. इंधन अधिभार, टर्मिनल हाताळणी, बिल ऑफ लेडिंगचे (जहाज कंपनीच्या माल-पावतीचे) शुल्क, दर किती तारखेपर्यंत लागू, आणि तिकडच्या बंदरात कंटेनर किती दिवस मोफत ठेवता येतो, हे सर्व लेखी घ्यावे. मंदीत यांतील शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची असते, कारण खरेदीदाराचे गोदाम भरलेले असते आणि तो कंटेनर सोडवायला टाळाटाळ करतो. दर पडलेले असताना फॉरवर्डरकडून भाड्यात आणखी वीस-तीस डॉलर कमी करून घेण्यापेक्षा चार-पाच मोफत दिवस वाढवून घेणे अधिक फायद्याचे ठरते, आणि ते मिळतातही.

पर्यायी जहाज ठरवताना दोन वेगळ्या कंपन्यांची नावे पुरेशी नाहीत. एकाच जहाजावर दोन-तीन कंपन्या जागा वाटून घेतात, त्यामुळे ती फेरी रद्द झाली की दोन्ही बुकिंगे एकदम कोसळतात. जहाजाचे नाव आणि फेरीचा क्रमांक विचारून दोन्ही पर्याय खरोखर वेगळ्या जहाजांचे आहेत याची खात्री करावी. साप्ताहिक सेवेतील एक फेरी रद्द झाली तर सात दिवसांचे अंतर चौदा होते, आणि पुढच्या जहाजावर दोन आठवड्यांचा माल चढण्यासाठी थांबलेला असल्याने आपला कंटेनर तेथेही मागे राहू शकतो. म्हणून मंदीच्या काळात खरेदीदाराकडे तीन आठवड्यांचा साठा राहील अशा बेताने माल आधी काढावा. मात्र बुकिंग पक्के झाल्याशिवाय कंटेनर भरून बंदराकडे रवाना करू नये, नाहीतर जहाज चुकल्यावर आवाराचे भाडे आणि कंटेनरचा उशीर दंड असा दुहेरी भुर्दंड बसतो.

पॅलेटच्या लाकडाचे अर्थकारण

पॅलेटसाठी मुद्दाम झाडे तोडली जात नाहीत. ओंडक्यातील चांगला भाग बांधकामाला, फर्निचरला किंवा दारे-खिडक्यांना जातो आणि हलक्या प्रतीच्या फळ्या पॅलेटच्या वाट्याला येतात. म्हणून पॅलेटच्या लाकडाचा पुरवठा पॅलेटच्या मागणीपेक्षा घरबांधणीवर अधिक अवलंबून असतो. अमेरिकेत २००५ मध्ये वीस लाखांहून अधिक नवीन घरांची कामे सुरू झाली होती. २००९ मध्ये हा आकडा साडेपाच लाखांवर आला. सॉ मिल धडाधड बंद पडल्या आणि पॅलेटला लागणारे लाकूडही त्यांच्याबरोबर कमी झाले. पॅलेटची मागणी घटलेली असल्यामुळे तेव्हा ओरड झाली नाही, पण मागणी सावरल्यावर लाकूड तितक्याच वेगाने परत आले नाही. मे २०२१ मध्ये तेथे लाकडाचा वायदा हजार बोर्डफुटांमागे (बोर्डफूट हे तिकडचे लाकूड मोजण्याचे माप) १,६०० डॉलरच्या वर गेला. युरोपात २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशिया, बेलारूस आणि युक्रेन या तिन्ही ठिकाणचे लाकूड अडले आणि पॅलेटला लागणाऱ्या खिळ्यांची तार देखील महागली.

महाराष्ट्रातील पॅलेटवाला या साऱ्यापासून अलिप्त नाही. निर्यातीच्या पॅलेटसाठी वापरले जाणारे पाइन मोठ्या प्रमाणावर कांडला बंदरात उतरते, गांधीधामच्या सॉ मिलमध्ये चिरले जाते आणि तेथून ट्रकने पुणे-नाशिककडे येते. म्हणजे डॉलर, समुद्रभाडे आणि डिझेल असे तीन भाव एका फळीत शिरलेले असतात. निलगिरी, सुबाभूळ, आंबा अशा देशी लाकडांचा भाव स्थानिक असतो, मात्र ती जड असतात, ओली येतात आणि वाळताना पिळतात. जहाजाचे भाडे चढले की त्याचा फटका निर्यातदाराला दोनदा बसतो: एकदा कंटेनरमध्ये आणि एकदा पॅलेटमध्ये.

यासाठी पॅलेटचा भाव नगावर एकरकमी न ठरवता सूत्राने ठरवावा. पॅलेटच्या नकाशावरून त्यात किती घनफूट लाकूड जाते ते मोजावे, आणि लाकडाचा त्या महिन्याचा घनफुटाचा दर, खिळे, मजुरी, उष्णता प्रक्रिया (किडे मारण्यासाठी लाकूड तापवणे) व वाहतूक अशा वेगळ्या रकमा लिहून घ्याव्यात. लाकडाचा दर उतरला तर भाव आपोआप कमी होतो. चढला तर पॅलेटवाला तोट्यात जात नाही आणि फळी पातळ करण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. माझ्या मते पुरवठादार टिकवण्यासाठी हा एकच बदल बाकी सर्व वाटाघाटींपेक्षा मोलाचा आहे.

आलेले पॅलेट तपासणे

मंदीत पॅलेटचा दर्जा घसरतो, आणि तो हळूच घसरतो. २२ मिलिमीटरची फळी १८ ची होते, जोडावरचे तीन खिळे दोन होतात, ठोकळ्याला साल राहते. प्रत्येक खेपेतील चार-पाच पॅलेट उलटी करून पाहावीत. कॅलिपरने फळीची जाडी मोजावी, जोडावरील खिळे मोजावेत, आणि ठोकळ्यांना व खालच्या पट्ट्यांना ओलावा मापकाची टोके टोचून आकडा वहीत नोंदवावा. ओलावा २० टक्क्यांच्या वर असेल तर ते पॅलेट लांबच्या प्रवासाला वापरू नये. जहाजे हळू चालत असताना किंवा केप ऑफ गुड होपला वळसा घालत असताना कंटेनर अधिक दिवस बंद राहतो, लाकडातील पाणी वाफ होऊन छतावर जमते, खोक्यांवर ठिबकते, आणि धातूच्या भागांवर गंज व पुठ्ठ्यावर बुरशी चढते. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: उष्णता प्रक्रिया केलेले लाकूड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे ठेवावा लागतो. त्याने किडे मरतात, लाकूड मात्र ओलेच राहू शकते.

ही प्रक्रिया केल्याचा शिक्का तर नीट निरखूनच पाहावा. त्यात गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, भारताची आयएन ही संज्ञा, प्रक्रिया केंद्राचा क्रमांक आणि प्रक्रियेची संज्ञा असली पाहिजे. शिक्का हाताने काढलेला नसावा, लाल किंवा नारिंगी रंगाचा नसावा, आणि शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर असावा. प्रक्रिया केंद्राला केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाची मान्यता लागते, आणि केंद्राचा क्रमांक तेथील मान्यताप्राप्त यादीत पाहता येतो. राहिलेली साल ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर चालते. त्याहून रुंद असल्यास तिचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरच्या आत हवे. दुरुस्त केलेल्या पॅलेटच्या बाबतीत विशेष सावध राहावे: एक-तृतीयांशापर्यंत भाग बदलला असेल तर नव्या प्रत्येक तुकड्यावर प्रक्रियेचा शिक्का लागतो, आणि त्याहून अधिक बदलला असेल तर जुने शिक्के पुसून संपूर्ण पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करून नवा शिक्का मारावा लागतो. पुरवठा तुटलेला असताना या नियमाकडे सर्रास डोळेझाक होते. शिक्क्यात खोट निघाल्यास अमेरिकेसारख्या देशांत माल परत पाठवण्याचा आदेश निघू शकतो, आणि तो खर्च पॅलेटच्या किमतीशी ताडून पाहण्याचीही गरज नाही.

साठा करावा का, असा प्रश्न नेहमी येतो. करावा, पण बेताने. ११०० गुणिले ११०० मिलिमीटरची दहा पॅलेट २० फुटी कंटेनरमध्ये दोन रांगांत नेमकी बसतात; महिन्याला सहा कंटेनर असतील तर साठ पॅलेट लागतात. तीन आठवड्यांचा साठा म्हणजे पंचेचाळीस. पंधरा-पंधराच्या तीन थप्प्या लावल्या तर जागा चार चौरस मीटरपेक्षा थोडी कमीच जाते. आयएसपीएमच्या शिक्क्याला मुदत नसते, त्यामुळे पॅलेट जुने झाले म्हणून बाद होत नाही. मात्र ते छताखाली, जमिनीपासून उचलून आणि हवा खेळेल असे ठेवावे. कोकणपट्टीतील आवारात जून ते सप्टेंबर हे जमणे अवघड, तेथे साठा निम्म्यावर आणावा.

पर्यायी पॅलेटबद्दल थोडक्यात. प्लायवूडला आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला आयएसपीएम १५ चा नियम लागू नाही, पण प्लायवूडच्या पॅलेटला घन लाकडाचे ठोकळे असतील तर त्या ठोकळ्यांना लागू आहे. प्लॅस्टिकचे पॅलेट परत येणार असेल तरच परवडते.

पैसे आणि विमा

पॅलेटवाला मंदीत बुडतो तो बहुधा तोट्यामुळे नाही, तर येणी थकल्यामुळे. सूक्ष्म व लघु उद्योगाला लेखी करार असल्यास अधिकाधिक ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, ज्या कारखान्याचा चेक वेळेवर येतो त्याची पॅलेट टंचाईत आधी ठोकली जातात, हे या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. दुसरा पुरवठादार हाताशी हवाच. परंतु त्याला वर्षभर किमान पाचवा हिस्सा तरी काम द्यावे, केवळ अडीअडचणीला फोन करू नये.

जहाज कंपनीच बुडण्याचा धोका दूरचा वाटतो, पण तसे घडलेले आहे. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी दक्षिण कोरियाच्या हंजिन शिपिंगने न्यायालयाकडे संरक्षण मागितले, तेव्हा तिच्या जहाजांवर सुमारे १४ अब्ज डॉलरचा माल होता. आपले पैसे बुडतील या भीतीने अनेक बंदरांनी जहाजे आत घेतली नाहीत. सागरी विम्याच्या इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज या प्रचलित अटींमध्ये विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. जहाज कंपनी आर्थिकदृष्ट्या डबघाईला आल्याचे माल चढवताना विमाधारकाला ठाऊक होते, किंवा व्यवहाराच्या ओघात ठाऊक असायला हवे होते, तर त्या दिवाळखोरीतून झालेले नुकसानही वगळले जाते. म्हणून अडचणीत असल्याच्या बातम्या येणाऱ्या कंपनीचे स्वस्त भाडे घेण्याआधी विमा एजंटकडून लेखी खुलासा घ्यावा.

खरेदीदाराने माल न सोडवल्यास काय, हेही आधीच ठरवावे. बिल ऑफ लेडिंगवर माल पाठवणारा म्हणून ज्याचे नाव आहे त्याच्याकडे जहाज कंपनी डेमरेज (कंटेनर मुदतीबाहेर बंदरात पडून राहिल्याचा दंड) मागू शकते. माल एफओबी अटीवर (जहाजावर चढेपर्यंतच विक्रेत्याची जबाबदारी) विकला होता, एवढे सांगून सुटका होत नाही. जुन्या खरेदीदाराची देणी लांबू लागली असतील तर पुढच्या खेपेला आगाऊ रक्कम घ्यावी किंवा लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेची पैशाची हमी) मागावे, ईसीजीसी या निर्यातीच्या येण्यांचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीचे संरक्षण चालू आहे ना ते पाहावे, आणि मोफत दिवस संपण्याच्या निदान चार दिवस आधी फॉरवर्डरकडून कंटेनर कोठे आहे याची लेखी माहिती मागवण्याची तारीख डिस्पॅचच्या वहीत माल निघतानाच लिहून ठेवावी.